दगड सुटल्यानंतरचे पंचवीस सेकंद

बर्फावरून एकाने दगड घसरवायचा आणि त्याच्यापुढे दोघांनी झाडू मारत धावायचं, हे कर्लिंगचं वर्णन अगदी खरं आहे. त्यामुळे ते ऐकून कुणी हसलं तर मी वाद घालत नाही. हिवाळी ऑलिम्पिक आलं की दर चार वर्षांनी तेच विनोद नव्याने होतात; लादी पुसणाऱ्यांनाही पदक मिळतं म्हणे, वगैरे. गंमत अशी की हे विनोद करणारी माणसंच दुसऱ्या दिवशी दोन तास, तिसऱ्या दिवशी तीन तास हा खेळ बघत बसलेली आढळतात. मी स्वतः कर्लिंगचा दगड कधी हातात धरलेला नाही. धरेन असंही वाटत नाही. माझं कुतूहल बघणाऱ्यांबद्दल आहे, आणि त्याला कारण माझे वडील.

२०१७च्या पावसाळ्यात बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय दोन-तीन महिन्यांत बराचसा सावरला. हात सावरला नाही. हा हात गिरगावातल्या आमच्या चाळीत आणि नंतर ऑफिसच्या क्लबात पन्नासेक वर्षं कॅरम खेळलेला. घरात कॅरमचा विषय निघाला की ते उठून आत जायला लागले. मी एकदा न राहवून मोबाइलवर कॅरमचा सामना लावून दिला, तर म्हणाले, "बंद कर. हात शिवशिवतो आणि उठत नाही." पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण कोरियातल्या प्याँगचांगला हिवाळी ऑलिम्पिक झालं. त्यातले कर्लिंगचे सामने यूट्यूबवर पूर्ण बघायला मिळत होते. मी ते सहज लावले, बाबांसाठी म्हणूनही नाही. अर्ध्या तासाने मागून आवाज आला, "अगं, तो पुढचा दगड नाही काढायचा. त्याच्या आड लपायचं."

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी नियम थोडक्यात सांगते. साधारण पंचेचाळीस मीटर लांबीची बर्फाची चिंचोळी पट्टी. तिच्या दोन्ही टोकांना बर्फात रंगवलेली वर्तुळं; सर्वांत मोठ्याचा व्यास बारा फूट. त्याला 'हाउस' म्हणतात, आपण घर म्हणू. चार-चार जणांचे दोन संघ. प्रत्येक खेळाडूला दोन दगड, म्हणजे संघाचे आठ. दोन्ही संघ आळीपाळीने दगड सोडतात आणि सोळा दगड झाले की एक डाव संपतो. ज्याचा दगड घराच्या मध्यबिंदूच्या सर्वांत जवळ, त्यालाच त्या डावाचे गुण. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या दगडापेक्षा आतमध्ये आपले जितके दगड, तितके गुण. दुसऱ्याला शून्य. ऑलिम्पिकच्या सांघिक सामन्यात असे दहा डाव असतात.

शेवटचा दगड ज्याच्या हातात, त्याच्याकडे 'हॅमर' आहे असं म्हणतात. ही मोठीच सत्ता आहे, आणि गुण मिळवला की पुढच्या डावात ती समोरच्याकडे जाते. म्हणून चांगला संघ पुष्कळदा एक गुण मिळत असतानाही तो घेत नाही. मुद्दाम घर रिकामं करतो, शून्यावर डाव सोडतो आणि हॅमर स्वतःकडे ठेवतो. एक गुण घ्यावा लागणं ही जवळजवळ नामुष्की. समोर आलेलं मुद्दाम नाकारायचं ही कल्पना बाबांना फार आवडली. कॅरममध्ये राणी कधी घ्यायची आणि कधी नुसती भोकाच्या तोंडाशी राखून ठेवायची, यावर चाळीत भांडणं झालेली त्यांनी पाहिली होती.

आता मुद्द्यावर येते. कॅरममध्ये स्ट्रायकरला टिचकी बसली की डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं संपतं. क्रिकेटमध्ये चेंडू हातातून सुटून बॅटपर्यंत यायला अर्धा सेकंदही लागत नाही. आपण आधी निकाल पाहतो आणि मग खेळाडूच्या मनात काय असावं याचा अंदाज करतो. समालोचकांचं पोट त्या अंदाजावर चालतं. कर्लिंगमध्ये क्रम उलटा आहे. संघाचा कर्णधार, म्हणजे 'स्किप', पलीकडच्या टोकाला घरात उभा राहतो, बर्फावर झाडू टेकवून नेम दाखवतो आणि दगड कुठे यायला हवा ते खुणेने आणि तोंडाने सांगतो. म्हणजे हेतू आधी जाहीर होतो. मग दगड सुटतो आणि मध्यावर थांबवायचा असेल तर तो तिथे पोहोचायला वीस ते पंचवीस सेकंद घेतो. त्यानंतर निकाल. हेतू आणि निकाल यांच्यामध्ये पंचवीस सेकंदांची उघडी जागा आहे आणि त्या जागेत प्रेक्षकाला बसायला बोलावलेलं आहे.

आणि प्रेक्षकालाच बोलावलंय असंही नाही. दगड ठरलेल्या रेषेच्या आत सोडावाच लागतो. मोठ्या स्पर्धांत मुठीमध्ये संवेदक बसवलेला असतो. हात वेळेत सुटला तर हिरवा दिवा लागतो, नाही तर लाल. हात सुटला की फेकणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. तो बर्फावर एक गुडघा टेकून, वाकून, आपल्याच दगडाकडे बघत राहतो. ओरडतो, कधी नुसता पुटपुटतो. झाडूवाले दोघे मदत करू शकतात, दगड परत बोलावू शकत नाहीत. थोडक्यात, प्रत्येक फेकीनंतर खेळाडू स्वतःच प्रेक्षक होतो, आणि तोही पहिल्या रांगेतला. दूरवर सोफ्यावर बसलेल्या माणसाची आणि त्याची अवस्था काही क्षण सारखी असते. असं दुसऱ्या कुठल्या खेळात इतक्या नियमाने, एका सामन्यात शंभराहून अधिक वेळा होत असेल असं मला वाटत नाही. ज्याचा हात उठत नव्हता त्या माणसाला हा खेळ का बघवला, याचं माझ्यापुरतं उत्तर इथे आहे.

ही पंचवीस सेकंदं मोकळी नसतात, हे मात्र सांगायला हवं. मुळात पट्टी गुळगुळीत नसते. गोठलेल्या बर्फावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडतात. ते जागच्या जागी गोठून संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत थर तयार होतो. त्याला 'पेबल' म्हणतात. दगड खालून खोलगट असतो आणि फक्त एका अरुंद कड्यावर, म्हणजे या थेंबांच्या माथ्यांवर, सरकतो. त्या सरकण्याचा घरघराटच इतका की स्कॉटलंडमध्ये या खेळाला गर्जनेचा खेळ असं जुनं नाव आहे. सोडताना मुठीला हलकी फिरकी देतात. दगड सावकाश, जेमतेम दोन-चार गिरक्या घेत जातो आणि वेग मंदावल्यावर एका बाजूला वळतो. कधी कधी मीटरभर, त्याहूनही जास्त. हे वळण म्हणजे 'कर्ल'. पुढच्या दगडाच्या आड जाऊन लपता येतं ते याच्यामुळे. जोरात झाडू मारला की घर्षणाने बर्फ किंचित तापतो, दगड जरा दूर जातो आणि जरा सरळ जातो. म्हणून स्किप ओरडत असतो. मारा, थांबा, नको, आता मारा. पंचवीस सेकंदांत चार वेळा मत बदलतं आणि ते बदलताना आपल्याला ऐकू येतं.

या वळणाचं एक कोडं आहे. काचेचा पेला टेबलावर उपडा ठेवून, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरकी देऊन पुढे ढकला. तो डावीकडे वळेल. कर्लिंगचा दगड तशाच फिरकीने उजवीकडे वळतो. पेल्याचं सोपं आहे: पुढे झुकल्यामुळे पुढच्या कडेवर दाब जास्त, तिथे घर्षण जास्त. बर्फावर हे उलट का व्हावं यावर शंभर वर्षं वाद चालू आहे. पुढच्या कडेखालचा बर्फ जास्त वितळून निसरडा होतो, असं एक मत होतं. २०१३मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगळी बाजू मांडली: दगडाची पुढची कड बर्फावर तिरके ओरखडे काढत जाते आणि मागची कड ते ओरखडे ओलांडताना त्यांच्या बाजूला ओढली जाते. २०२२मध्ये जपानच्या रिक्क्यो विद्यापीठातल्या जिरो मुराता यांनी दगडाच्या हालचालीची बारकाईने मोजमापं करून डाव्या-उजव्या बाजूंच्या घर्षणातल्या फरकावर बोट ठेवलं. वाद अजून मिटला आहे असं म्हणवत नाही. जगातले उत्तम खेळाडू ज्या वळणावर पदकं जिंकतात ते वळण का येतं याचं सर्वमान्य उत्तर त्यांच्याकडे नाही, आणि त्यांचं त्यावाचून काही अडत नाही, हे मला मनापासून आवडतं.

दगडाबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण 'दगड' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर धोंडा येतो. एकेक दगड सतरा ते वीस किलोंच्या दरम्यान असतो. ऑलिम्पिकमधल्या दगडांचा ग्रॅनाइट स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ समुद्रात उभ्या असलेल्या एल्सा क्रेग नावाच्या बेटावरून येतो. हे बेट म्हणजे एका मृत ज्वालामुखीचा गाभा. माणसांची वस्ती नाही, समुद्रपक्ष्यांची प्रचंड आहे. तिथल्या ग्रॅनाइटचा एक प्रकार इतक्या बारीक कणांचा आहे की पाणी शोषत नाही. पाणी शिरलं की ते गोठतं आणि दगडाला चिरा पाडतं, म्हणून बर्फाला टेकणारा भाग त्याचा करतात. धडक सोसणारं अंग दुसऱ्या, चिवट प्रकाराचं. मॉकलिन गावातली केज ही कंपनी १८५१पासून हे काम करते आहे. पक्ष्यांच्या अभयारण्यामुळे तिथे आता सुरुंग लावता येत नाहीत. बऱ्याच वर्षांतून एकदा जाऊन सुटा झालेला दगड बोटीने आणतात आणि त्यावर पुढची वर्षं निभावतात.

इतिहासात मी फार शिरत नाही. पेझली इथल्या मठातल्या एका साधूने दगड सरकवण्याच्या स्पर्धेसाठी आव्हान दिल्याची लॅटिनमधली नोंद १५४१ची आहे. १८३८मध्ये एडिंबरोत या खेळाची मध्यवर्ती संस्था निघाली. १८४२मध्ये राणी व्हिक्टोरिया स्कॉटलंडच्या दौऱ्यावर असताना स्कोन राजवाड्यातल्या नाचाच्या दालनात, लाकडी जमिनीवर, तिला हा खेळ दाखवण्यात आला आणि पुढच्याच वर्षी संस्थेच्या नावाला 'रॉयल' जोडलं गेलं. स्कॉटिश स्थलांतरितांबरोबर तो कॅनडात गेला आणि तिथल्या लांबलचक हिवाळ्यात गावोगाव रुजला. उलट खुद्द स्कॉटलंडमध्ये गोठलेल्या तळ्यावर भरणारा मोठा सामना १९७९नंतर भरलेला नाही. २०१०च्या कडाक्याच्या थंडीत तो भरवायचं घाटत होतं, पण सुरक्षेच्या कारणावरून रद्द झाला. तळी आता तेवढी जाड गोठत नाहीत. खेळ छपराखाली गेला आणि छपराखाली गेल्यामुळे दूरचित्रवाणीवर आला.

दूरचित्रवाणीने या खेळाला एकच गोष्ट दिली, पण ती निर्णायक ठरली. खेळाडूंच्या अंगावर मायक्रोफोन लावले. विचार करायला प्रत्येक संघाला दहा डावांत मिळून अडतीस मिनिटं मिळतात. त्या वेळात ते काय बोलतात ते सगळं ऐकू येतं. कुणाला शंका आहे, कुणाचं म्हणणं रेटून नेलं जातंय, कोण गप्प बसलंय. २०१८मध्ये जपानच्या महिलांनी कांस्यपदक मिळवलं. त्या होक्काइदोच्या. एकमेकींच्या म्हणण्याला त्या 'सो दा ने' असं हेल काढून दुजोरा द्यायच्या. म्हणजे आपलं 'हो ना गं'. त्या वर्षी जपानमध्ये सर्वाधिक गाजलेला शब्दप्रयोग म्हणून त्याला पुरस्कार मिळाला. त्याच स्पर्धेत कोरियाच्या संघाची कर्णधार किम उन-जुंग आपल्या मैत्रिणीला 'यंग-मी!' अशी हाक मारायची. हाक लांबली तर एक अर्थ, तुटक असली तर दुसरा, घाईने दोनदा आली तर तिसरा. हा संघ लसणासाठी प्रसिद्ध असलेल्या उइसंग नावाच्या आडगावातला. आठवड्याभरात कोरियाभर लोक घरातले झाडू घेऊन 'यंग-मी' ओरडत एकमेकांची चित्रफीत काढत होते. बाबांना भाषा कळत नव्हती, पण तिसऱ्या सामन्यापर्यंत हाकेवरून दगड कमी पडतोय की जास्त हे ते सांगू लागले.

आधीचीही उदाहरणं आहेत. २००२मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिम्पिकमध्ये ऱ्होना मार्टिनचा ब्रिटिश संघ साखळीतले शेवटचे दोन सामने हरून, दोन जादा सामने जिंकून कसाबसा पुढे सरकला होता. स्वित्झर्लंडविरुद्धचा अंतिम सामना तीन-तीनवर असताना सामन्याचा शेवटचा दगड मार्टिनच्या हातात होता. ब्रिटनमध्ये मध्यरात्र उलटून गेली होती आणि पन्नास लाखांहून अधिक माणसं जागी राहून एका दगडाकडे बघत होती. २००६मध्ये ब्रॅड गुशूचा संघ तुरीनला अंतिम फेरीत पोहोचला, तेव्हा त्यांच्या न्यूफाउंडलंडमधल्या शाळा मुलांना सामना बघता यावा म्हणून दुपारी सोडून देण्यात आल्या. दोन्ही संघांनी सुवर्ण मिळवलं.

पण मला सगळ्यांत जास्त आठवतो तो २०१८चा पुरुषांचा अंतिम सामना, अमेरिका विरुद्ध स्वीडन. अमेरिकेचा जॉन शुस्टर आधीच्या दोन ऑलिम्पिकमध्ये इतका वाईट खेळला होता की त्याच्या आडनावाचं थट्टेने क्रियापद झालं होतं. २०१४नंतर देशाच्या प्रशिक्षण योजनेतून त्याला वगळलं. त्याने वगळलेल्यांचाच एक संघ बांधला आणि आला. इथेही सहातले चार सामने हरला, मग हरलाच नाही. अंतिम सामन्यात आठव्या डावात पाच-पाच बरोबरी, आणि हॅमर शुस्टरकडे. घरात अमेरिकेचे पुष्कळ दगड होते, पण स्वीडनचे दोन मध्ये येत होते. एका फेकीत दोन्ही उडवले तर पाच गुण. चुकलं तर सामना जवळपास गेला. दगड सुटला. शुस्टर वाकून बघत होता, स्वीडनचा निकलास एडिन घराच्या मागे उभा राहून बघत होता. बाबा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट रोवून बघत होते, आणि हा सामना महिन्यापूर्वीच संपलेला आहे, हे आम्ही दोघंही विसरलो होतो. पाच गुण मिळाले. सामना दहा-सात सुटला. बाबा नंतर बराच वेळ शुस्टरबद्दल काही बोलले नाहीत. म्हणाले, "त्या मागच्याचं तोंड बघितलंस? काय करणार होता तो?"

हे सगळं किती नाजूक आहे ते २०१५मध्ये दिसून आलं. झाडूच्या डोक्यावर बसवायचं एक नवं कापड बाजारात आलं. त्याच्या खरखरीत विणीने बर्फावर असे ओरखडे पडायचे की चांगला झाडूवाला दगडाला हवं तिकडे नेऊ शकत होता. वळणाऱ्या दगडाला सरळ करू शकत होता, अगदी उलटही थोडा झुकवू शकत होता. फेक चुकली तरी चाले. निषेध आधी खेळाडूंनीच केला. कित्येक अव्वल संघांनी सही करून जाहीर केलं की आम्ही हे कापड वापरणार नाही. २०१६मध्ये कॅनडात प्रत्यक्ष चाचण्या झाल्या आणि मग मोठ्या स्पर्धांसाठी एकाच प्रकारचं कापड मान्य करण्यात आलं. बाहेरून बघणाऱ्याला हा कापडाच्या विणीवरून झालेला क्षुल्लक तंटा वाटेल. मला वाटतं, खेळाडूंना नेमकं कळलं होतं. दगड सुटल्यावरही तो हातातच राहिला तर त्या पंचवीस सेकंदांत बघण्यासारखं काय उरतं?

आता दुसरी एक ओढाताण चालू आहे, डाव कमी करण्याची. व्यावसायिक मालिकेत दहाऐवजी आठच डाव असतात. सामना तीन तासांऐवजी दोन-सव्वादोन तासांत आटोपतो. जाहिरातदारांची सोय मला समजते. पण आठ डावांत मुद्दाम शून्यावर सोडलेला डाव परवडेनासा होतो, आणि वाट बघण्याची चाल आधी मरते. माझं मत दहाच्या बाजूने आहे. त्यात स्वार्थही आहे. बाबांची दुपार दहा डावांनी पुरी भरायची.

या खेळातली बाबांना न पटलेली गोष्ट एकच. हरणं निश्चित झालं की संघ डाव पुरे न करता पुढे होऊन हात मिळवतो आणि सामना तिथेच संपतो. यात कमीपणा नाही, उलट वेळेवर हात न मिळवणं अशिष्ट समजलं जातं. झाडू चुकून दगडाला लागला तर खेळाडूने स्वतःच सांगायचं आणि सामन्यानंतर जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला पेय पाजायचं, त्याच रिवाजाचा हा भाग. बाकीचं त्यांना पसंत होतं. पण हात मिळवताना दिसले की ते चिडायचे. "अजून दगड आहेत ना हातात? सोड की."

२०२२मध्ये बीजिंगला पुरुषांचा अंतिम सामना स्वीडन आणि ब्रिटन यांच्यात झाला. तोवर बाबांचं बोलणं बरंच कमी झालं होतं. शब्द सापडायला वेळ लागायचा, आणि आम्ही कुणी घाई करत नव्हतो. चार-चार बरोबरी झाली, जादा डाव झाला आणि स्वीडन जिंकलं. २०१४ला कांस्य, २०१८ला रौप्य, आणि आता सुवर्ण: तोच एडिन, घराच्या मागे उभा राहून शुस्टरचा दगड येताना बघणारा. मी तर त्याचं नाव विसरले होते. बाबा पडद्याकडे बघत राहिले, मग डावं बोट वर करून म्हणाले, "तो... मागचा. मिळालं त्याला."